स्वयंपाकघरातील वीज : पक्की जोडणी की पिन?



वसंत व्याख्यानमाला म्हटली की संतवाङ्मय, इतिहास, समाजसुधारणा असे विषय डोळ्यांपुढे उभे राहतात. पुण्यास न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली ही प्रथा घातली आणि तेव्हापासून महाराष्ट्रातील अशा व्यासपीठांवरून मोठमोठ्या प्रश्नांचा ऊहापोह होत आला आहे. त्या मानाने आम्ही आज घेऊन आलेला विषय फारच लहान, अक्षरशः मुठीत मावणारा आहे. बोलण्यात आपण ज्याला ‘पिन’ म्हणतो, त्या विजेच्या प्लगविषयी आम्हांस चार शब्द सांगावयाचे आहेत. मिक्सर, विजेची शेगडी, गिझर, चिमणी ही यंत्रे पिनेने जोडावीत, की त्यांची तार भिंतीतल्या तारेशी कायमची बांधून टाकावी, एवढाच आजचा प्रश्न आहे.

विषय लहान असला तरी नांदगाव खंडेश्वरात असे एकही घर नसेल की ज्यास तो लागू पडत नाही. आणि गंमत अशी की बहुतेक घरांत या प्रश्नाचा विचार कोणी करीतच नाही. घर बांधताना मिस्तरी आपल्या सोयीने काहीतरी करून जातो, घरधनी “ठीक आहे” म्हणतो, आणि त्या निर्णयाचे बरेवाईट फळ मात्र वर्षानुवर्षे ओट्यापाशी उभ्या राहणाऱ्या बाईच्या वाट्याला येते. म्हणून हा विषय या मंचावर आणण्याचे धाडस आम्ही केले आहे.

प्रथम शब्दांचा अर्थ ठरवून घेऊ. यंत्राच्या तारेला पिन असते, भिंतीवरील बोर्डात तिच्यासाठी छिद्रे असतात. पिन घातली की यंत्र विजेशी जोडले जाते, काढली की तुटते. हा पहिला प्रकार. दुसऱ्या प्रकारात पिन नसतेच. भिंतीतून आलेल्या तारा आणि यंत्राच्या तारा एका डबीत स्क्रूखाली आवळून टाकतात. तो सांधा हत्याराशिवाय सुटत नाही. यास आपण पक्की जोडणी म्हणू. मिस्तरी लोक यालाच ‘डायरेक्ट’ म्हणतात.

वीज घरात आली तेव्हा ती केवळ दिव्यासाठी आली. यंत्रे मागाहून आली, आणि त्यांना भिंतीवर जागाच नव्हती. अमेरिकेत हार्वी हबेल या गृहस्थांनी १९०४ साली सुट्या होणाऱ्या प्लगचे पेटंट मिळविले. त्यापूर्वी यंत्र एक तर तारांनाच बांधावे लागे, नाही तर दिव्याच्या जागी फिरवून बसवावे लागे. आपल्याकडेही वडीलधाऱ्या मंडळींना आठवत असेल की दिव्याच्या होल्डरमध्ये एक जोड बसवून त्यावर इस्त्री चालवीत. दिवा विझवावयाचा, इस्त्री लावावयाची, आणि अंधारात कपडे चाचपीत बसावयाचे! पुढे दिव्याचा पॉइंट आणि ‘पॉवर’चा पॉइंट असे दोन भेद झाले. कित्येक शहरांत दोहोंचे दरही वेगळे असत. ते दर गेले, पण लहान पिन आणि मोठी पिन हा भेद राहिला. आपल्या गोल पिना मूळच्या इंग्लंडच्या मापाच्या. खुद्द इंग्लंडने १९४७ साली त्या टाकून, ज्यात फ्यूज बसविलेला असतो अशा चौकोनी पिना स्वीकारल्या. आपण मात्र गोल पिनेवरच राहिलो. पूर्वी त्या ५ आणि १५ ॲम्पिअरच्या म्हणत. आता भारतीय मानकाप्रमाणे ६ आणि १६ ॲम्पिअरच्या म्हणतात. आपल्या पिनेत सहसा फ्यूज नसतो, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

हे ॲम्पिअर म्हणजे काय, याचा हिशेब अगदी सोपा आहे. आपल्या घरात वीज २३० व्होल्टने येते. यंत्रावर जितके वॅट लिहिले असतील त्यांना २३० ने भागावे, म्हणजे तारेतून किती ॲम्पिअर प्रवाह वाहतो ते कळते. ७५० वॅटचा मिक्सर सव्वातीन ॲम्पिअर घेतो. १,५०० वॅटची पाणी उकळण्याची विजेची किटली साडेसहा ॲम्पिअर घेते. २,००० वॅटची इंडक्शन शेगडी पावणेनऊच्या जवळ जाते. ३,००० वॅटचा झटपट गिझर १३ ॲम्पिअर ओढतो. याउलट शीतपेटी चालू असता एक ॲम्पिअरही घेत नाही. म्हणजे स्वयंपाकघरात सगळी यंत्रे एका पंक्तीची नाहीत. एक ताकभाताने तृप्त होणारे, तर दुसरे पुरणपोळीच्या पंक्तीत शेवटपर्यंत बसणारे. दोघांना एकच पाट मांडून चालत नाही. किटली सहा ॲम्पिअरच्या छिद्रात घातली तर ती पहिल्याच दिवशी त्याच्या मर्यादेबाहेर जाते. एकाच १६ ॲम्पिअरच्या बोर्डावर तिवडी लावून किटली, इंडक्शन आणि मिक्सर सकाळच्या घाईत एकदम चालू केले, तर बेरीज साडेअठरा होते. मिस्तरीने बोर्डावर कितीही छिद्रे दिली तरी भिंतीतली तार एकच असते, हे आपण विसरतो.

आता पक्क्या जोडणीची बाजू मांडू.

विजेच्या कामात तार सहसा दगा देत नाही, दगा देतो तो सांधा. पिन आणि तिचे छिद्र यांचा संबंध केवळ पितळेच्या स्प्रिंगच्या दाबावर अवलंबून असतो. पिन रोज काढली-घातली की तो दाब कमी होतो. ओट्यावरची वाफ, फोडणीचा तेलकट धूर आणि झुरळे यांची त्यात भर पडते. मग त्या सांध्यात किंचित अडथळा, म्हणजे रोध, उत्पन्न होतो. समजा तो केवळ एक दशांश ओहम झाला. मिक्सरचे त्याने काही बिघडत नाही. परंतु १३ ॲम्पिअरचा गिझर त्याच सांध्यावर चालविला, तर तेथे जवळजवळ १७ वॅट उष्णता निर्माण होते. डाग देण्याची विजेची सळई साधारण २५ वॅटची असते. म्हणजे तिच्या निम्म्याहून अधिक उष्णता वाटाण्याएवढ्या जागेत कोंडली जाते! पिनेचे काळे पडणे, प्लॅस्टिक वितळणे, बोर्डातून जळकट वास येणे, हे सारे यातून होते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. म्हणून जे यंत्र थोडे घेते त्यास सैल पिन क्षम्य असते, आणि जे पुष्कळ घेते त्यास ती मुळीच क्षम्य नसते.

पक्क्या जोडणीत स्क्रूखाली तार आवळलेली असते. रोजची हालचाल नाही, म्हणून दाब कायम राहतो. सांधा डबीत बंद असतो, त्यावर पाणी उडत नाही, लहान मुलाची बोटे तेथे जात नाहीत. आणि त्या जागी दुसरे कोणी तिवडी लावून भलतेच यंत्र जोडू शकत नाही. जे यंत्र भिंतीला खिळलेले आहे, पुष्कळ प्रवाह घेते आणि वर्षानुवर्षे हलत नाही, त्यास पक्की जोडणी शोभते. मोरीवर बसविलेला मोठा गिझर हे त्याचे ठळक उदाहरण.

पिनेची बाजूही तितकीच बळकट आहे. आपले पुष्कळसे यंत्र फिरते आहे. परदेशी मिक्सर आपल्या डाळी-चटण्यांपुढे टिकत नसे, म्हणून १९६०च्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथुर या अभियंत्यांनी दणकट मोटारीचा ‘सुमीत’ मिक्सर घडविला, आणि पाटा-वरवंट्याची जागा यंत्राने घेतली. पाटा होता तो जागेवरून न हलणारा. मिक्सर मात्र ओट्यावरून फळीवर जातो, भांडे अडकले तर पालथा केला जातो, दुरुस्तीसाठी पिशवीत घालून बाजारात नेला जातो. त्यास पिनच हवी.

पिनेचा याहून मोठा गुण असा की, ती काढली म्हणजे यंत्र विजेपासून तुटले हे डोळ्यांना दिसते. बटण बंद असले तरी यंत्रात वीज आहे की नाही, हे नुसते पाहून सांगता येत नाही. जुन्या घरांत कित्येकदा बटण भलत्याच तारेवर बसविलेले आढळते. मग बटण बंद, यंत्रही बंद, पण आत फेज जिवंत! पिन उपटली की फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम सुटतात. मिक्सरचे पाते पुसणाऱ्या हातास याहून चांगले अभय नाही. शिवाय आपल्या तीन पिनांतली वरची पिन अधिक लांब आणि अधिक जाड असते, ती कशासाठी याचा विचार आपण कधी केला आहे काय? ती अर्थची पिन. लांब असल्यामुळे ती सर्वांआधी लागते आणि सर्वांनंतर सुटते, म्हणजे फेज लागण्यापूर्वी यंत्राचे अंग जमिनीशी जोडलेले असते. आणि जाड असल्यामुळे ती चुकूनही फेजच्या छिद्रात जात नाही. एवढ्याशा पितळी तुकड्यात केवढा विचार भरला आहे! पण आम्ही काय करतो? तीन पिनांची यंत्रे दोन पिनांच्या जोडातून चालवितो. त्याहून वाईट म्हणजे पिन तुटली की उघड्या तारा छिद्रात खुपसतो आणि त्या पडू नयेत म्हणून आगकाड्या ठोकतो. ती ना पिन, ना पक्की जोडणी. तो केवळ यमधर्माशी केलेला उधारीचा व्यवहार होय.

येथे आमच्याच घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण उपदेश करणाराने आपली चूक आधी कबूल करावी. काही वर्षांपूर्वी आम्ही ओट्याची दुरुस्ती केली आणि धूर ओढणारी चिमणी बसविली. चिमणीच्या तारेला चांगली तीन पिनांची पिन होती, पण तिच्यासाठी वर पॉइंट नव्हता. काम करणारे गृहस्थ आम्हांस म्हणाले, “पिनेची भानगड कायले ठेवता भाऊ? डायरेक करून देतो. दिसन बी नाही, अन् ढिली बी व्हणार नाही.” आम्हांसही ते पटले. पिन कापली, तार कपाटामागे जोडली, वर फळी ठोकली. काम नीटनेटके दिसू लागले आणि आम्ही ते विसरून गेलो.

पुढे श्रावणात एके रात्री वीज सारखी जात-येत होती. आमच्या सौभाग्यवती भाकरी करीत होत्या. चिमणीतून घरघर ऐकू येऊ लागली आणि जळका वास आला. त्यांनी चिमणीचे बटण दाबले. यंत्र बंद होईना. पिन उपटावी, तर पिन नाही. भिंतीवर बटण, तर तेही मिस्तरीने दिलेले नाही. शेवटी त्या मधली खोली ओलांडून ओसरीवर गेल्या, स्टूल ओढले, वर चढल्या आणि मेन बंद केला. सारे घर अंधारात बुडाले. कोणास इजा झाली नाही, हे दैव. आम्ही कंदील शोधीत असता त्या एवढेच म्हणाल्या, “यंत्र माझ्यापुढे, आणि बटण तुमच्या डोक्यावर!”

श्रोतेहो, विजेवरील पुष्कळ पुस्तकांत आम्हांस जे सापडले नव्हते, ते या एका वाक्यात सापडले. दुसऱ्या दिवशी परवानाधारक वायरमन बोलावून फळी उघडली. आतील सांधा केवळ तारा पिळून, वर काळी टेप गुंडाळून केलेला होता. उष्णतेने आणि तेलकट धुराने टेप लिबलिबीत झाली होती. याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. भिंतीतील तारा आपल्या नेहमीच्या, लाल, काळी आणि हिरवी. यंत्राच्या तारा तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी. तपकिरी लालला आणि निळी काळीला जोडली होती. हिरवी-पिवळी मात्र कापून, दुमडून तशीच ठेवून दिली होती! यंत्र दोन तारांवर चालते, तिसरी नसली तरी चालते. म्हणूनच तिसरी राहून जाते. पिन शाबूत असती तर तिसरी तार तिच्याबरोबर आपोआप जोडली गेली असती. पक्की जोडणी ही करणाराच्या हातावर आणि प्रामाणिकपणावर अवलंबून असते, आणि झाकल्यावर तिची परीक्षा कोणास करता येत नाही.

दोष केवळ त्या गृहस्थांचा नव्हता. आम्ही त्यांना काय विचारले होते? “किती पैसे?” एवढेच विचारले होते.

मग पक्की जोडणी वाईट म्हणावयाची काय? नाही. इतर देशांनी या प्रश्नाची वाट कशी काढली ते पाहिल्यास उलगडा होतो. आपल्या वऱ्हाडातील कित्येक कुटुंबांची मुले-मुली आज अमेरिकेत आहेत. त्यांच्याकडे जाऊन आलेल्या मंडळींनी ओट्याखाली बसविलेले भांडी धुण्याचे यंत्र पाहिले असेल. तेथील नियमावलीत ते यंत्र पक्के जोडण्यास मुभा आहे आणि पिनेनेही जोडण्यास मुभा आहे. परंतु पिन लावावयाची तर तारेची लांबी तीन फुटांपासून साडेसहा फुटांपर्यंतच असावी, आणि प्लगपर्यंत हात पोहोचला पाहिजे, अशी अट आहे. तार फार लांब असेल तर ती चेंगरते, फार आखूड असेल तर यंत्र पुढे ओढता येत नाही. इंग्लंडात विजेची मोठी चूल पक्की जोडतात, पण तिच्यासाठी जवळच भिंतीवर एक स्वतंत्र मोठे बटण असते, आणि ते दोन्ही तारा तोडते. पद्धती दोन, पण आग्रह एकच : यंत्र विजेपासून पुरते तोडण्याचे साधन, ते वापरणाराच्या हाताशी असले पाहिजे. जेथे पिन हाताशी आहे तेथे पिन हेच ते साधन. जेथे पिन नाही तेथे दोन्ही तारा तोडणारे बटण, ज्यास वायरमन ‘डबल पोल’ म्हणतात, ते दिलेच पाहिजे.

आमचे म्हणणे एवढेच आहे. ‘पक्की की पिन’ हा प्रश्न अर्धा आहे. तोडावयाचे कोठे, आणि कोणाच्या हाताने, हा त्याचा उरलेला अर्धा भाग आहे, आणि अधिक महत्त्वाचा आहे.

आता या दोन्ही पद्धतींच्या मुळाशी असलेली एक गोष्ट सांगतो, आणि ती खास आपल्या वऱ्हाडची आहे. वैशाखात पारा ४५ अंशांकडे झुकला की आपल्याकडे घरोघर कूलर चालू होतात. पत्र्याचे अंग, आत पाणी, पाण्यात पंप, खाली ओली फरशी, आणि वायर मात्र गेल्या साली कोठेतरी जोडलेली. दर उन्हाळ्यात विदर्भातील वर्तमानपत्रांत कूलरचा धक्का लागून माणूस दगावल्याची बातमी येते. महावितरणही दर उन्हाळ्यात आवाहन करते की कूलर तीन पिनांवर लावा आणि पाणी भरताना पिन काढा. स्वयंपाकघरातील ओट्यापाशी याहून निराळी स्थिती असते काय? ओले हात, धातूची भांडी, धातूचा नळ, ओली फरशी. ओटा हा आपला बारमाही कूलरच समजावा.

अशा वेळी यंत्राच्या अंगावर फेज आली तर तिला जमिनीत जाण्यास माणसाच्या देहाहून सोपी वाट हवी. ती वाट म्हणजे अर्थिंग. आणि येथे आपली काळी माती आडवी येते. पावसाळ्यात ही माती ओल धरते, तेव्हा विजेला ती चांगली वाट देते. पण वैशाखात हीच माती आकसते, तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि जमिनीत पुरलेल्या नळीपासून ती सुटून येते. म्हणजे ज्या महिन्यात कूलर आणि शीतपेटी सर्वांत जास्त चालतात, त्याच महिन्यात आपली अर्थिंग सर्वांत दुबळी होते! जाणकार लोक जस्ताचा मुलामा दिलेली, निदान अडीच मीटर लांबीची नळी पुरतात, भोवती कोळसा आणि मीठ घालतात, आणि वर पाणी ओतण्यास तोंड ठेवतात. ते तोंड शोभेसाठी नसते. उन्हाळ्यात त्यात दर आठवड्यास बादलीभर पाणी ओतावे. ज्या घरात तुळशीस रोज पाणी घातले जाते, त्या घरात हे जड जाऊ नये.

कित्येकांना वाटते, “आमच्याकडे फ्यूज आहे, एम.सी.बी. आहे, मग भय कसले?” हा समज घातक आहे. ती साधने तारेचे रक्षण करण्यासाठी आहेत, माणसाचे नव्हे. ओल्या देहाचा रोध हजार ओहमच्या आसपास धरला तर त्यातून २३० मिलिॲम्पिअर, म्हणजे पाव ॲम्पिअरहूनही कमी प्रवाह जातो. माणसाचे हृदय थांबण्यास तो पुरेसा आहे, परंतु १६ ॲम्पिअरच्या एम.सी.बी.ला त्याचा पत्ताही लागत नाही. माणसासाठी निराळे साधन आहे. त्यास आर.सी.सी.बी. म्हणतात. जाणारा प्रवाह आणि परत येणारा प्रवाह यांचा ते ताळा घेते, आणि ३० मिलिॲम्पिअरचा फरक पडला की क्षणार्धात वीज तोडते. किराणा दुकानदार सायंकाळी गल्ला मोजतो, हे साधन प्रत्येक क्षणी मोजते. अर्थिंग चांगली असेल तर कोणी हात लावण्यापूर्वीच ते वीज तोडते. अर्थिंग नसेल तर कोणाचा तरी हात लागेपर्यंत त्यास थांबावे लागते. म्हणून दोन्ही हवीत. त्यावर तपासणीचे एक लहान बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे. दाबल्यावर वीज गेली नाही, तर साधन मेलेले आहे असे समजावे.

आता घरी जाऊन काय करावयाचे, ते थोडक्यात सांगतो.

जे यंत्र हलते, धुतले-पुसले जाते किंवा दुरुस्तीस बाहेर जाते, त्यास पिन ठेवावी. मिक्सर, किटली, सुटी इंडक्शन शेगडी ही यंत्रे यात येतात. त्यांच्यासाठी ओट्याच्या वर, पण पाण्याच्या नळापासून आणि शेगडीपासून दूर असे बोर्ड असावेत. उष्णता देणाऱ्या यंत्रास १६ ॲम्पिअरचे छिद्र आणि मेनपासून वेगळी तार द्यावी. ती निदान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची असावी.

जे यंत्र भिंतीला खिळले आहे आणि पुष्कळ प्रवाह घेते, ते पक्के जोडण्यास हरकत नाही. पण सांधा डबीत, स्क्रूखाली आणि उघडून पाहता येईल असा असावा. फरशीमागे गाडलेला नसावा. तिन्ही तारा जोडल्या आहेत हे आपल्या डोळ्यांनी पाहावे, आणि दोन्ही तारा तोडणारे बटण हाताशी घ्यावे. चिमणी, पाणी शुद्ध करणारे यंत्र यांसारखी थोडा प्रवाह घेणारी, पण बसवून टाकलेली यंत्रे मध्यम मार्गाची आहेत. त्यांची पिन कापू नये. तिच्यासाठी कपाटात पॉइंट द्यावा, आणि त्याचे बटण ओट्याच्या उंचीवर आणावे. यंत्राच्या पुस्तिकेत पिन कापू नये असे लिहिले असेल, तर ते मिस्तरीच्या शब्दाहून वरचे मानावे.

काम परवानाधारक ठेकेदाराकडून आणि वायरमनकडून करून घ्यावे. मीटरपर्यंतची वीज महावितरणची, मीटरच्या पुढची जोखीम आपली. १९६० साली राज्य विद्युत मंडळ झाले, २००५ साली त्याचे विभाजन होऊन महावितरण आले. कंपन्यांची नावे बदलली, पण मीटरच्या अलीकडचा हा धर्म बदललेला नाही.

आणि शेवटचे, परंतु आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे. भिंत फोडण्यापूर्वी वायरमनला स्वयंपाकघरात उभे करावे, आणि घरातील जी बाई तेथे दिवसाचे चार-सहा तास काढते, तिला विचारावे : “मिक्सर कोठे ठेवता? हात कोठवर पोहोचतो? घाईत कोठले यंत्र आधी बंद करावेसे वाटते?” तिने खडूने खूण करावी, आणि मग छिन्नी लावावी. घरात स्वयंपाक पुरुष करीत असेल तर त्याने खूण करावी. सुनेची उंची आणि सासूबाईंची उंची निराळी असेल, तर दोघींचा हात पोहोचेल अशी जागा शोधावी. यास खर्च एका खडूचा येतो.

आपल्या गावच्या खंडेश्वराच्या मंदिरात आपण सारे जातो. हेमाडपंती बांधणी ती. चुन्याचा आधार न घेता दगडावर दगड बसविलेला, आणि तरीही शतकानुशतके उभा. त्या कारागिरांनी सांधा लपविला नाही. तो नीट बसविला, म्हणून आजही आपण त्यावर बोट फिरवून पाहू शकतो. आमच्या फळीमागच्या सांध्याशी त्याची तुलना करताना आम्हांस लाज वाटते. आमच्या घरी आता ती फळी नाही. चिमणीला नवी पिन आहे, आणि तिचे बटण ओट्यापाशी, सौभाग्यवतींनी स्वतः खूण केलेल्या जागी आहे. ते आमच्या सोयीहून चार बोटे खाली आहे, आणि तेच बरोबर आहे.

आज रात्री घरी गेल्यावर आपण सर्वांनी एकदा ओट्यापाशी उभे राहावे, आणि प्रत्येक यंत्राकडे पाहून स्वतःस विचारावे : हे आत्ता पेटले, तर येथे उभे राहून मला ते तोडता येईल काय? ज्या यंत्राचे उत्तर ‘नाही’ असे येईल, त्याच्यासाठी उद्या वायरमनला निरोप पाठवावा.